जन्मतारखेवर बेतलेली सुरक्षितता

अमेरिकेतील अनेक राज्यांत मोटारबोट चालवण्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र सक्तीचे आहे. मात्र ही सक्ती बहुतेक ठिकाणी ठरावीक तारखेनंतर जन्मलेल्यांपुरतीच मर्यादित आहे. वयाने मोठ्यांना दिलेली ही सूट अनुभवाचा आदर आहे की केवळ राजकीय सोय, याचा हा ऊहापोह.

फ्लोरिडातील एखाद्या धक्क्यावर दोन माणसे उभी आहेत, असे समजू. एकाचा जन्म १ जानेवारी १९८८ चा. तो पाण्याकाठीच वाढलेला आणि लहानपणापासून वडिलांच्या बोटीवर वावरलेला आहे. दुसऱ्याचा जन्म आदल्याच दिवशीचा, म्हणजे ३१ डिसेंबर १९८७ चा. तो नोकरीनिमित्त सोलापूरहून अमेरिकेत गेलेला असून आयुष्यात प्रथमच सुकाणू हाती धरतो आहे. दहा किंवा त्याहून अधिक अश्वशक्तीची मोटारबोट चालवायची असेल, तर पहिल्याला राज्याने मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण करून त्याचे ओळखपत्र जवळ बाळगावे लागते. दुसऱ्याला मात्र असे कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही. मित्राने आपली बोट त्याच्या हाती दिली, की कायद्याच्या दृष्टीने तो चालक म्हणून पात्र ठरतो. एका रात्रीच्या अंतराने जन्मलेल्या दोघांत कायद्याने हा भेद केला आहे, आणि तोही उलट्या बाजूने.

कायद्यात तारीख घातली की कोणीतरी अलीकडे आणि कोणीतरी पलीकडे राहणारच, हे खरे. झोपड्यांच्या ‘कट-ऑफ’ तारखेवरून वर्षानुवर्षे झालेले राजकारण पाहिलेल्या मुंबईकराला हे वेगळे सांगायला नको. प्रश्न असा आहे, की ही रेषा ज्या हेतूसाठी आखली, तो हेतू तिने साधतो का? बोट सुरक्षेच्या बाबतीत हेतू एकच असू शकतो. बुडून, आदळून किंवा पंख्यात सापडून होणारे मृत्यू कमी व्हावेत, हा तो हेतू. या कसोटीवर जन्मतारखेची रेषा तपासली, तर ती बरीच दुबळी ठरते.

तारखांचा नकाशा

अमेरिकेत हौशी बोटचालकासाठी देशव्यापी परवाना नाही. १९७१ च्या संघीय बोट सुरक्षा कायद्याने बोटींची बांधणी आणि त्यांवरील सुरक्षा साधने यांविषयीचे नियम केंद्राच्या हाती आले. परंतु चालकाला काय शिकवावे आणि ते कोणावर बंधनकारक करावे, हे राज्यांवर सोपवले गेले. परिणामी, नकाशावर राज्यागणिक तारीख बदलते. मेरिलंडमध्ये ती १ जुलै १९७२ आहे. ओहायो आणि पेनसिल्व्हेनियात १ जानेवारी १९८२, विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९८९, टेक्सासमध्ये १ सप्टेंबर १९९३, मिशिगनमध्ये १ जुलै १९९६, तर जॉर्जिया आणि इलिनॉयमध्ये १ जानेवारी १९९८. याहून आधी जन्मलेल्यांना प्रमाणपत्राची गरज नाही. किती अश्वशक्तीपासून नियम लागू होतो, हेही ठिकठिकाणी वेगळे आहे. याउलट न्यू जर्सीत २००९ पासून यांत्रिक बोट चालवणाऱ्या सर्वांनाच, वय काहीही असो, प्रशिक्षण सक्तीचे झाले.

येथे दोन प्रकारच्या वयोमर्यादांत गल्लत होता कामा नये. बारा, चौदा किंवा सोळा वर्षांखालील मुलाने जेट स्की चालवू नये, हा नियम शारीरिक क्षमता आणि समज यांच्याशी जोडलेला आहे. चालत्या बोटीवर तेरा वर्षांखालील मुलाने लाइफ जॅकेट घातलेच पाहिजे, हा संघीय नियमही तसाच आहे; राज्याने स्वतःची वेगळी मर्यादा ठरवलेली नसेल, तेथे तो लागू होतो. मूल मोठे झाले की हे नियम आपोआप गळून पडतात, कारण त्यामागचे कारणच उरत नाही. जन्मतारखेची रेषा मात्र माणसाबरोबर आयुष्यभर चालते. १९८७ मध्ये जन्मलेला फ्लोरिडावासी चाळिशीत, साठीत आणि ऐंशीतही सवलतीतच राहणार. १९८८ मध्ये जन्मलेला मात्र कितीही उन्हाळे पाण्यावर घालवून मुरला, तरी त्याच्या खिशात ओळखपत्र हवेच.

फ्लोरिडाचा पूर्वेतिहास या दृष्टीने बोलका आहे. तेथे २००९ अखेरपर्यंत प्रमाणपत्र एकवीस वर्षे आणि त्याखालील चालकांनाच लागे. बाविसावा वाढदिवस उजाडला की सक्ती संपे; अभ्यासक्रम केला नसला तरी हरकत नसे. ही विसंगती दूर करण्यासाठी २०१० पासून वयाऐवजी जन्मतारीख आली. सुधारणा स्वागतार्ह होती. नवी पिढी पुढे सरकेल तसतसे प्रशिक्षितांचे प्रमाण वाढत जाईल, हा तिचा गुण. पण त्या दिवशी जे बाविशीच्या पुढे होते, त्यांना ती कायमची मोकळीक देऊन गेली.

सूट कोणासाठी?

जुन्यांना नव्या नियमातून वगळण्याला अमेरिकी कायद्याच्या परिभाषेत ‘आजोबांचे कलम’ म्हणतात. या शब्दाचा उगम फारसा अभिमानास्पद नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिणेकडील काही राज्यांनी मतदारांसाठी साक्षरतेची चाचणी आणली. परंतु ज्यांच्या वाडवडिलांना यादवी युद्धानंतरच्या सुधारणांपूर्वी मताधिकार होता, त्यांना तीतून सूट दिली. अर्थातच ही सूट गोऱ्यांना मिळाली आणि कृष्णवर्णीय चाचणीत अडकले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये हा प्रकार घटनाबाह्य ठरवला. शब्द मात्र उरला, आणि आज तो निरुपद्रवी वाटणाऱ्या असंख्य सवलतींसाठी वापरला जातो.

बोटींच्या कायद्यातील सवलतीच्या बाजूने तीन युक्तिवाद केले जातात. पहिला अनुभवाचा : तीस वर्षे बोट चालवणाऱ्याला परीक्षेला बसवणे हा त्याचा अवमान आहे. दुसरा प्रशासकीय : लाखो चालकांना एकाच वर्षी प्रशिक्षण देणे शक्य नाही. तिसरा युक्तिवाद सहसा उघडपणे मांडला जात नाही. तो मतांचा आहे. न्यूयॉर्क राज्याचे उदाहरण पाहा. तेथे १ मे २०१४ पासून, १ मे १९९६ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मोटारबोटीसाठी प्रमाणपत्र सक्तीचे झाले. या दोन तारखांमधील अंतर बरोबर अठरा वर्षांचे आहे. म्हणजे कायदा अमलात आला त्या दिवशी, अगदी त्याच दिवशी अठरा पूर्ण करणाऱ्यांचा अपवाद सोडला, तर राज्यातील सारे प्रौढ मतदार त्याच्या कक्षेबाहेर होते! ज्यांना मत नाही, त्यांच्यावर बंधन घालणे सर्वांत सोपे असते.

अनुभव म्हणजे ज्ञान नव्हे

पहिल्या युक्तिवादाचा विचार गांभीर्याने केला पाहिजे, कारण तो सामान्य माणसाला पटतो. पण बोट सुरक्षेचा अभ्यासक्रम शिकवतो तरी काय? दोन मोटारबोटींचे मार्ग परस्परांना छेदत असतील, तर जिच्या उजव्या हाताला दुसरी बोट दिसते, तिने वाट द्यायची. समोरासमोर आल्यास दोघींनी आपापल्या उजवीकडे वळायचे. रात्री समोरच्या बोटीचा लाल दिवा दिसतो की हिरवा, यावरून ती कोणत्या दिशेने जात आहे हे ओळखायचे. अमेरिकी पाण्यात समुद्राकडून बंदरात परतताना लाल बोया उजव्या हाताला ठेवायचा. बोटीला ब्रेक नसतो, म्हणून अंतर आणि वेग यांचा अंदाज मोटारीच्या सवयीने बांधायचा नाही. चालक पाण्यात फेकला गेला तर इंजिन आपोआप बंद पाडणारी दोरी अंगाला अडकवायची. सव्वीस फुटांहून लहान बहुतेक यांत्रिक बोटींवर १ एप्रिल २०२१ पासून संघीय कायद्यानेही ती बंधनकारक आहे.

यांतील बऱ्याच गोष्टी नुसत्या सरावाने कळत नाहीत. ओळखीच्या तळ्यावर, दिवसाउजेडी, तुरळक वर्दळीत माणूस वीस वर्षे बोट चालवू शकतो, आणि वाट कोणी द्यायची हा प्रश्न एकदाही त्याच्यासमोर येत नाही. तो येतो तेव्हा मात्र उत्तर शोधायला काही सेकंदच असतात. शिवाय हा नियम एकट्याला माहीत असून भागत नाही. समोरच्यालाही तो माहीत असावा लागतो. प्रशिक्षित तरुण नियमाप्रमाणे उजवीकडे वळला आणि सवलतीतला ज्येष्ठ सवयीप्रमाणे डावीकडे, तर त्या तरुणाच्या प्रमाणपत्राचा उपयोग काय? वाहतुकीचे नियम हा सर्वांनी मिळून पाळायचा संकेत असतो. त्यातून निम्म्यांना वगळले, तर उरलेल्या निम्म्यांची सुरक्षितताही अर्धीच राहते.

अमेरिकी तटरक्षक दल दरवर्षी हौशी नौकानयनातील अपघातांची आकडेवारी प्रसिद्ध करते. २०२३ मध्ये अशा अपघातांत ५६४ जणांचा मृत्यू झाला. चालकाच्या प्रशिक्षणाची माहिती उपलब्ध असलेल्या घटनांपैकी ७५ टक्के मृत्यू, चालकाने कोणतेही सुरक्षा प्रशिक्षण घेतलेले नव्हते अशा बोटींवर झाले. बुडून मरण पावलेल्यांपैकी ८७ टक्के जणांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. फ्लोरिडाच्या वन्यजीव आयोगाच्या वार्षिक अहवालांतून तर अपघातग्रस्त चालकाचे एक ठरलेले चित्र पुनःपुन्हा समोर आले आहे. तो मध्यमवयीन किंवा त्याहून मोठा पुरुष असतो, नियमितपणे बोट चालवणारा असतो, आणि प्रशिक्षणाच्या वाटेला कधीच गेलेला नसतो. म्हणजे नेमका तोच, ज्याला कायद्याने सूट दिली आहे.

हे आकडे वाचताना सावधगिरी हवी. एकूण बोटचालकांमध्ये अप्रशिक्षितांचे प्रमाणच मोठे असेल, तर मृत्यूंमध्येही ते मोठे दिसणार. तेवढ्यावरून प्रशिक्षणाने जीव वाचतात असा थेट निष्कर्ष काढता येत नाही. मद्यपान हे प्राणघातक अपघातांतील प्रमुख ज्ञात कारण आहे, आणि प्रमाणपत्र खिशात असलेला माणूसही दारू पिऊन बोट चालवू शकतो. अभ्यासक्रम हा रामबाण उपाय नव्हे. पण वाद अभ्यासक्रम उपयुक्त आहे की नाही, असा नाहीच. कायदेमंडळाने तो उपयुक्त मानला, म्हणून तर सक्ती केली. मग तो तिशीतल्याला उपयुक्त आणि पन्नाशीतल्याला निरुपयोगी कसा?

अनुभवाच्या युक्तिवादातील दुसरा दोष अधिक मूलभूत आहे. जन्मतारीख अनुभव मोजत नाही, ती केवळ वय मोजते. २०२० च्या साथकाळात घराबाहेरचे पण गर्दीपासून दूरचे मनोरंजन म्हणून अमेरिकेत बोटींची खरेदी वाढली, आणि पहिल्यांदाच बोट घेणाऱ्यांत सर्व वयांचे लोक होते. त्या वर्षी मृत्यूंची संख्या ६१३ वरून ७६७ वर गेली. वयाच्या पन्नासाव्या वर्षी पहिली बोट विकत घेणारा हा अनुभवी नव्हे, तर पन्नास वर्षांचा नवशिका असतो. परदेशातून आलेल्यांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. टेक्सास किंवा जॉर्जियात स्थायिक झालेल्या आणि सुटीत तळ्यावर मित्राच्या बोटीने कुटुंबाला फिरवणाऱ्या कितीतरी मराठी गृहस्थांचे पाण्याशी नाते गावच्या विहिरीपुरते किंवा शहरातील तरणतलावापुरते असते. कायदा मात्र त्यांना जन्मतारखेच्या आधारे मुरलेल्या खलाशांच्या पंक्तीत बसवतो.

सवलतीची लांब सावली

ही सूट फक्त सूट मिळालेल्यापुरती राहत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार, ज्याला ओळखपत्र आवश्यक आहे तो त्याविनाही बोट चालवू शकतो. अट एवढीच, की अठरा वर्षांवरील आणि एकतर ओळखपत्र असलेली किंवा कायद्याने सूट मिळालेली व्यक्ती बोटीवर हवी, आणि तिने चालवण्याकडे लक्ष ठेवून जबाबदारी घ्यावी. यातील ‘किंवा’ फार महागात पडणारा आहे. १९७० मध्ये जन्मलेल्या पित्याने कधी अभ्यासक्रम केला नाही. त्याच्या देखरेखीखाली त्याचा मुलगाही तो न करता बोट चालवतो, आणि दोघेही कायद्याचे पालन करत असतात! नवी पिढी तरी शिकून तयार व्हावी, हा जो एकमेव लाभ जन्मतारखेच्या रेषेपासून अपेक्षित होता, त्यालाही अशी गळती लागते.

भिंत आणि पायऱ्या

मग प्रशासकीय अडचणीचे काय? लाखोंना एकदम प्रशिक्षण देता येत नाही, हे मान्यच आहे. पण त्यावर उपाय म्हणून कायमची भिंत बांधण्याची गरज नसते. पायऱ्या बांधता येतात.

न्यूयॉर्कने पुढे तेच केले. २००५ मध्ये लाँग आयलंडच्या दक्षिणेकडील खाडीत बोटींच्या धडकेत अकरा वर्षांची एक मुलगी मृत्युमुखी पडली. तिच्या आईने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, आणि २०१९ मध्ये त्या मुलीच्या नावाने ओळखला जाणारा ‘ब्रियाना कायदा’ संमत झाला. त्याने २०२० मध्ये १९९३ नंतरच्या, २०२२ मध्ये १९८८ नंतरच्या, २०२३ मध्ये १९८३ नंतरच्या आणि २०२४ मध्ये १९७८ नंतरच्या जन्मांना आपल्या कक्षेत घेतले. १ जानेवारी २०२५ पासून तो सर्व वयांच्या मोटारबोट चालकांना लागू झाला. अठरा वर्षांच्या मतदाराला हात न लावणाऱ्या कायद्यापासून सर्वांना सामावून घेणाऱ्या कायद्यापर्यंतचा हा प्रवास अकरा वर्षांहून कमी काळात झाला.

कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये वीस वर्षे आणि त्याखालील चालकांपासून सुरुवात केली आणि टप्प्याटप्प्याने वय वाढवत २०२५ मध्ये सर्वांना नियम लागू केला. व्हर्जिनियाने २००९ ते २०१६ या काळात हेच केले. कॅनडाने तर १९९९ मध्येच दहा वर्षांचा आराखडा आखला होता. आधी १ एप्रिल १९८३ नंतर जन्मलेले, मग २००२ पासून चार मीटरपेक्षा लहान बोटी चालवणारे, आणि सप्टेंबर २००९ पासून यांत्रिक बोट चालवणारे सर्व जण. या साऱ्या ठिकाणी सुरुवात तरुणांपासूनच झाली. मात्र शेवट कोठे होणार हे कायद्यातच लिहिलेले होते.

याच्या उलट दक्षिण कॅरोलायनाने २०२३ मध्ये केलेला नियम पाहा. दहा किंवा अधिक अश्वशक्तीच्या बोटीसाठी प्रशिक्षण सक्तीचे झाले, ते १ जुलै २००७ नंतर जन्मलेल्यांना. ही तारीख बदलली नाही, तर त्या राज्यातील साठीखालचे सर्व चालक प्रशिक्षणाच्या कक्षेत येण्यास २०६७ साल उजाडेल. दोन्ही पद्धतींना ‘क्रमशः अंमलबजावणी’ म्हणता येईल. पण एका पद्धतीत ज्येष्ठांनी शिकावे म्हणून थांबायचे आहे, आणि दुसरीत ते जाईपर्यंत.

उपजीविका आणि हौस

जुन्यांना नव्या अटी लावाव्यात का, हा प्रश्न महाराष्ट्रालाही परका नाही. शिक्षक पात्रता परीक्षेबाबत सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालाने तो हजारो शिक्षकांच्या घरात पोहोचवला. सेवेची पाच वर्षांहून अधिक काळ शिल्लक असलेल्यांनी दोन वर्षांत परीक्षा उत्तीर्ण व्हावे. ज्यांची त्याहून कमी सेवा उरली आहे, त्यांना निवृत्तीपर्यंत राहता येईल, पण पदोन्नती हवी असेल तर परीक्षा द्यावी लागेल, असे न्यायालयाने म्हटले. या निकालाविषयी मतभेद असू शकतात. पण तेथे एका पारड्यात मुलांचे शिक्षण होते, तर दुसऱ्यात नोकरी, निवृत्तिवेतन आणि जुन्या नियमांवर विसंबून उभे केलेले आयुष्य. अशा ठिकाणी जुन्यांना सवलत देण्यामागे न्यायाचा विचार असतो.

हौशी बोटचालकाच्या पारड्यात काय आहे? काही तासांचा, बहुधा घरबसल्या पूर्ण करता येणारा अभ्यासक्रम आणि थोडेसे शुल्क. त्याची उपजीविका जात नाही, बोट जप्त होत नाही. रविवारची एक दुपार जाते, आणि कदाचित थोडा अहंकार दुखावतो. दुसऱ्या पारड्यात त्याच्या बोटीवरील आणि समोरून येणाऱ्या बोटीवरील माणसांचे जीव आहेत. सवलत उपजीविकेचे रक्षण करते तेव्हा ती न्याय ठरू शकते; ती केवळ गैरसोय टाळते तेव्हा ते मतांचे राजकारण असते. तारखांच्या त्या नकाशात या दोहोंतील फरकच पुसला गेला आहे.

यंदाच्या उन्हाळ्यातही अमेरिकेतील मुला-मुलींकडे गेलेले मराठी आई-वडील एखाद्या तळ्यावर बोटीत बसतील. सुकाणूवरच्या जावयाला कायद्याने प्रमाणपत्र लागते की नाही, हे त्याच्या जन्मतारखेवर आणि ते तळे कोणत्या राज्यात आहे यावर अवलंबून राहील. त्याने अभ्यासक्रम मात्र करावा, आणि बोट सुटण्यापूर्वी सर्वांच्या अंगावर लाइफ जॅकेट आहे ना, हे पाहावे. बोट उलटते तेव्हा पाणी कोणाची जन्मतारीख विचारत नाही.